कोण कोणाला टेकलंय

एडिंबरा, ३ फेब्रुवारी १९५६

ती. ग्रिझेलताईस,
लुडोविकचा सा. न. वि. वि.

ताई, आता हट्ट पुरे. बिनछपराच्या इमारतीला घरपट्टी लागत नाही म्हणून आपण पाहुण्यांच्या विंगचं छप्पर उतरवलं, तेव्हाच ती संपली. तिचे दगड मी रस्त्याच्या भरावासाठी विकले आहेत. कंत्राटदार गेडिस म्हणतो, विंग पाडली की तिला चिकटलेलं संत्र्यांचं काचघरही कोसळणार, तेव्हा दोन्ही एकदमच पाडू. आणि मुख्य घर पाडल्यापासून तू त्याच काचघरात बिऱ्हाड थाटून बसली आहेस!

त्याचं कौतुक मला सांगू नकोस. आजोबांनी ऐन दक्षिणेला विंग उठवून त्याचं ऊन अडवलं. नाताळात पाहुण्यांना दाखवायला बाजारातली संत्री दोऱ्याने झाडांना कोण बांधायचं? आपणच ना? तुझ्या भावजयीने, मोइराने, तुझ्यासाठी खोली आवरली आहे. मंगळवारी गाडी पाठवतो.

तुझा धाकटा,
लुडो


ग्लेनारी, ६ फेब्रुवारी

चि. लुडोविक यास अनेक आशीर्वाद.

गाडी पाठवू नकोस, रिकामी परत येईल. मोइराला म्हणावं, त्या खोलीत शिवणयंत्र ठेव.

विंग पाडायला माझी ना नाही. एकेक दगड उचलून न्या! छप्पर गेल्यापासून तिच्या रिकाम्या खिडक्यांतून ऊन आरपार येतं, थेट माझ्या फरशीवर. म्हाताऱ्या झाडांना कळ्या धरल्यात, दोरा न लावता. पण काचघराला हात लावाल तर याद राखा. म्हणे चिकटलेलं! तू एवढा नावाजलेला वकील, सांध्याकडे कधी नीट पाहिलंस? दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेलेच नाहीत. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ आहे, सुरी जाईल अशी. काचघर आधीचं. विंग मागाहून आली आणि त्याला टेकली.

हे गेडिसला तोंडावर सांगितलं. तो हसला. म्हणाला, एवढी खात्री असेल तर बाईसाहेबांनी भिंत पाडताना आत बसून दाखवावं. उभं राहिलं तर काचघर तुमचं. बसेन म्हटलं. शुक्रवारी सकाळी.

मोइराला माझा लोभ सांग.
ग्रिझेल


एडिंबरा, ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

त्या माणसाची थट्टा तू खरी धरलीस? आणि तोही हट्टाला पेटलाय, तार केली तरी उत्तर नाही. सांधा सरळ असेल नाहीतर वाकडा, दगड डोक्यात पडला की माणूस मरतं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तुझ्याखेरीज मला रागावणारं या जगात कोणी उरलेलं नाही, एवढं तरी ध्यानात घे. मी स्वतः येतोय. उचलून बाहेर काढीन, मग शिव्या दे.

लुडो


ग्लेनारी, १२ फेब्रुवारी

चि. लुडोविक यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. काल दिवसभर काचा पुसत होते. धूळ निघता निघत नाही. एकच तावदान फुटलं. गेडिस टोपी काढून दारात आला आणि तिथे नवी काच मी फुकट बसवीन म्हणाला. मी म्हटलं, मेल्या, आधी पाय पूस.

तू मोइराला सांगितलंस म्हणे, की तू पोचलास तोवर सगळं उरकलं होतं. खुशाल सांग, मी साक्ष देणार नाही. पण मला ओढून न्यायला धरलेला हात तू भिंत धडाधड पडत असताना सोडला नाहीस. शेजारच्या खुर्चीवर बसलास, डोळे मिटून. लुडो, त्या क्षणी मला सांध्याबद्दल काडीची खात्री नव्हती. तू बसलास म्हणून मी बसून राहिले.

असाच जीव लावत जा.
तुझी,
ताई