आधी हात, मग रंग

अब्बा, त्या शुक्रवारी सकाळी आई भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढत होती. मी खिडकीत साचलेली वाळू ओल्या फडक्यानं पुसत होते आणि तुम्ही दारात उकिडवे बसून पांढऱ्या रंगाच्या डब्यात काठी फिरवत होता. रंग ढवळून झाला की पाण्याचा कॅन भरायचा, थर्मासात चहा ओतायचा, ब्रश जुन्या कापडात गुंडाळायचे, हे सगळं माझ्याकडे. मग आखातातल्या आपल्या अल वक्र्याच्या घरून तुमच्या वर्कशॉपच्या पिकअपमधून आपण नेमबाजीच्या रेंजवर जायचो. शुक्रवारी सकाळी रेंज बंद असायची. आठवडाभर रायफलच्या गोळ्या खाल्लेल्या पोलादी प्लेटा तुम्ही तपासायच्या आणि मी रंगवायच्या. रंग ताजा असला की गोळी कुठे बसली ते लांबून दिसतं, म्हणून. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये त्या प्लेटा तुम्हीच कापायचा आणि रेंजवर टांगायलाही तुम्हीच जायचा.

त्या दिवशी मला घाई होती. तुम्ही प्लेटा टांगायच्या साखळ्या बघत होता तेवढ्यात मी पहिली प्लेट रंगवून टाकली, अगदी कडेपर्यंत, एकही ओघळ येऊ न देता. तुम्ही आलात, बघितलंत, आणि पिकअपमधून तारेचा ब्रश आणून माझं सगळं काम खरवडून काढलंत. मी रडायच्या बेतात. तुम्ही माझा हात धरून त्या उघड्या लोखंडावर ठेवलात.

"काय लागतंय हाताला?"

"खड्डा."

"मघाशी दिसला होता?"

"नाही. रंग होता ना वर."

"मग बाय, आधी हात, मग रंग."

बस, एवढंच. तुम्ही ओरडला असता तर मी विसरून गेले असते.

खड्ड्याची भीती तुम्हाला का, ते मला ठाऊक होतं. त्याआधी एकदा तुम्ही बाहीला रक्त लावून घरी आला होता. आईनं चहाचं आधण खाली उतरवलं, तुमचा हात ओट्यावर ठेवला आणि चिमट्यानं गोळीवरच्या तांब्याची पातळ चकती बाहेर काढली. "बंदूक तुम्ही चालवत नाही. मग गोळी तुमच्याकडे आली कशी?" तुम्ही हसलात. "मी चालवली नाही, खड्ड्यानं परत पाठवली." तेव्हा तुम्ही कुठल्यातरी बांधकामावरचं साधं लोखंड वापरून पाहिलं होतं. मऊ लोखंडात गोळी खळगा करते आणि पुढची गोळी त्या खळग्यात वळून मारणाऱ्याकडेच येते. त्यानंतर तुम्ही कारखान्यातून कठीण करून आलेलं पोलादच घेतलंत. त्यावर गोळी फुटते आणि तिचे तुकडे प्लेटच्या कडेकडेनं पसरतात. प्लेट वरून थोडी पुढे झुकवून सैल टांगली की बरेचसे तुकडे जमिनीत जातात. पण तेही पोलाद कायमचं नसतं. गॅसनं कापताना फार तापलं तर तिथे ते मऊ पडतं, आणि चुकीच्या गोळीनं किंवा फार जवळून मारलं तर त्यालाही खड्डा पडतो. म्हणून तुमच्या खिशात दोरीला बांधलेलं लोहचुंबक असायचं. गोळी चुंबकाला चिकटली, म्हणजे तिच्या पोटात पोलाद; ती बाजूला. म्हणून रायफलवाल्यांना तुम्ही शंभर मीटरच्या आत येऊ द्यायचा नाहीत. आणि म्हणूनच, कुणी नुसतं बघायला आलं तरी त्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. आई म्हणायची, "लग्नात नवऱ्याला सेहरा नसला तरी चालेल, यांना चष्मा पाहिजे." माझ्या लग्नात ती खरंच तसं म्हणाली होती आणि तुम्ही सगळ्यांत जोरात हसला होता.

माझी शाळा लवकर सुटली, तेही तुम्हाला माहीत आहे. पुढचं वाचन मी गावाहून सुक्या मासळीवर गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर शिकले. आता पुस्तकं वाचते, हळूहळू, ओठ हलवत. तुम्ही गेलात, मग आई, मग मुलीचे अब्बा. हे गेल्यावर मी अल सद्दला मुलीकडे राहायला आले. रडणं वगैरे आता होत नाही. सकाळी दोन कप चहा ठेवते, दुसरा थंड झाला की तोही मीच पिते.

तुमची नात रायफल चालवते, अब्बा. तुमच्याच रेंजची मेंबर आहे. ऑफिसातून आली की इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आमचं चालतं. परवा दुपारी मला गाडीत बसवून रेंजवर घेऊन गेली. "अम्मी, डोळे बंद." उघडले तर समोर फ्रेमवर पाच प्लेटा, पांढऱ्याशुभ्र. "नानाच्या आहेत. जुन्या स्टोअरमध्ये मिळाल्या. मी स्वतः पेंट केल्या. उद्या मॉर्निंगला मेंबर्स येणार, फर्स्ट शॉट नानाच्या नावानं." मी मागून बघितलं. टांगायच्या पट्टीवर छिन्नीनं कोरलेला छोटा मासा होता. तुमची खूण. मी एका प्लेटवर हात ठेवला, खूप वेळ ठेवला. "सुंदर दिसतात," म्हणाले.

घरी येऊन पीठ मळायला बसले आणि तळहात पाहिला. पांढरा होता. मी रंगावर हात ठेवून आले होते, अब्बा, लोखंडावर नाही.

मुलगी बाहेरच्या खोलीत उद्यासाठी चष्मे पुसत बसली होती. मी तिला हाक मारली.

"त्या प्लेटा उद्या टांगून ठेवू नकोस."

"का? डिस्टन्स मेजर केला, अम्मी. टिल्ट परफेक्ट आहे. सगळ्यांचा अॅमो मॅग्नेटनं चेक होणार. चष्म्याशिवाय कुणी फायरिंग लाइनच्या जवळसुद्धा येणार नाही."

"रंगवायच्या आधी हात फिरवला होतास?"

तिनं हातातला चष्मा खाली ठेवला. मग म्हणाली, "दे लुक्ड फाइन."

"दिसल्या असतील."

"आय वॉन्टेड देम टु बी फाइन, अम्मी." आणि मग मराठीत, तिच्या तोडक्या मराठीत, "नानाचं दुसरं काही नाहीये आपल्याकडे."

मलाही तेच वाटत होतं. तुमचं घड्याळ काकाकडे गेलं, कपडे गावी वाटले. तुमच्या हातची वस्तू म्हणून त्या पाच प्लेटाच. गोळी लागून त्या तिथे वाजल्या असत्या तर तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं असतं. पण लाइनवर माझी मुलगी उभी असणार होती आणि तिच्या शेजारी लोकांची मुलं. मी तिला म्हणाले, "सगळे यायच्या आधी आपण जाऊ. हात सांगेल."

"आणि हातानं खड्डा सांगितला तर?"

"तर खलास."

"यल्ला देन, जाऊ," ती म्हणाली, नाक ओढत, आणि पुन्हा चष्मे पुसायला लागली. थोड्या वेळानं बाहेरूनच विचारलं, "तारेचा ब्रश आहे का आपल्याकडे?"

होता. तुमचाच, भांड्यांच्या कपाटात. बघा, तुमचं दुसरं काही नाही म्हणत होतो आम्ही.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. वाचायच्या पुस्तकात ठेवून देईन. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगते, मुलीला सांगितलेली नाही. रेंजवर त्या ओल्या रंगाखाली माझ्या बोटांना काहीतरी लागलं होतं. मी हात तिथून सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या ब्रशनं पाचही प्लेटा खरवडल्या, हात फिरवला, प्रत्येकीवर खड्डा लागला, आणि पाचही उतरवून भंगाराच्या ढिगात ठेवल्या.