साबणाच्या वेष्टनावरचा म्हातारा

सोमवार, ४ फेब्रुवारी

अक्षरं अजून मोठी हवीत म्हणे.

साबण कारखान्याचे मालक आज पुन्हा छापखान्यात आले. टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली – ओल्या शाईवर, पण ते त्यांचं नशीब – नमुना हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, ''सुरेख. फक्त जरा मोठं करा.'' साबणाची वडी माझ्या मुठीत मावते. तिच्या वेष्टनावर मोठं म्हणजे किती मोठं? यांना आपलं नाव रस्त्यापलीकडून वाचायचंय. मी त्यांचं नाव 'मोठंकरा' ठेवलंय. इथे, या पानावर. तोंडावर अर्थातच 'मालक'.

त्यांना काय, बोलायचं. दगड मला घासायचाय. शिळाप्रेस म्हणजे काय ते त्यांना कितीदा समजावलं – चित्र दगडावर काढायचं, तेही उलटं, आरशात दिसेल तसं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक अक्षर वाढवलं की सगळ्या दगडांवरचं सगळं सरकतं. सगळं ऐकून घेतलं, समजल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, ''मग उद्या देताय ना?''

मंगळवार, ५ फेब्रुवारी

नाही दिलं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

मोठंकरांनी कारखाना दाखवायला नेलं. माल पाहिल्याशिवाय हात चालणार नाही म्हणे माझा. यंत्राचा आवाज एवढा की बोललेलं फक्त ओठांवरून कळायचं. एका तोंडातून लांबलचक पट्टी येते, पुढे कापली जाते, ठसा बसतो, वडी खाली. पुन्हा वडी. पुन्हा वडी. एकीला उचलून दुसरीच्या जागी ठेवा, तिच्या आईलाही कळायचं नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, ''आजवर दुकानदार लादीतून तारेने तुकडा कापायचा, तोलून द्यायचा. कुणाचा साबण, कोण विचारत होतं? आता माझा माल मी कधी न पाहिलेल्या गावी जाणार. तिथल्या बाईने माझं नाव घेऊन साबण मागायला हवा. नाव वाचता आलं नाही तर चित्र सांगून मागायला हवा.''

माणूस बरोबर बोलतो. हाच तर वैताग आहे.

आणि एक गंमत. एकाच कढईतला साबण ते दोन वेष्टनांत घालतात. लाल आणि हिरवं. हिरवं महाग. मी संध्याकाळी घरी सांगितलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, छे, लालने हात खरखरीत होतात, हिरवा कसा मऊ. मी म्हटलं, काकू, एकाच कढईतला आहे, हिरवा रंग मीच दिलाय. त्या म्हणाल्या, ''तुम्हाला कपडे धुवावे लागत नाहीत ना, म्हणून.''



रविवार, ३ मार्च

सुट्टीचा दिवस आणि घरात भांडण. दुसरं काय.

सासरे मागच्या पडवीत साबण उकळतात. लग्न झाल्यापासून बघतोय – भट्टी, वर काळी पडलेली कढई, आणि हे लाकडी दांडा घेऊन ढवळतायत. मी घरजावई. त्यामुळे धूर कितीही डोळ्यांत गेला तरी माझं म्हणून मत नसतं. पण वर्षभरात गिऱ्हाईक गळत चाललंय. जे येतात ते जुनेपणाच्या भिडेने येतात आणि कारखान्याची वडी पिशवीत लपवून जातात. मी पाहिलंय. सासऱ्यांनीही पाहिलं असणार.

ही महिनाभर मागे लागली होती – ''साऱ्या जगाची वेष्टनं काढता, माझ्या बाबांचं एक काढा.'' काढलं. चार रविवार घालवले. कढई, खाली ज्वाळा, वर कमानीसारखी अक्षरं. छान उतरलं होतं, मीच सांगतो. सासऱ्यांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

''जावईबापू, साबण अंगाला लावायचा असतो की भिंतीवर टांगायचा?''

ही म्हणाली, ''बाबा, लोक आता बघून घेतात.''

''मग बघू देत. कढई उघडीच आहे.''

झालं. ही स्वयंपाकघरात रडतेय, ते पडवीत ढवळतायत आणि दोघंही माझ्यावर चिडलेत. मी नेमकं केलं काय ते कुणी सांगेल का?

गुरुवार, २१ मार्च

मोठंकरांचं नवं खूळ. दूरच्या गावांहून बातमी आलीय की लोक बिचकतात. यंत्राचा साबण, माणसाचा हात लागलेला नाही, कातडी सोलून निघेल. म्हणून वेष्टनावर म्हातारा हवा. साबण ढवळणारा. प्रेमळ, सुरकुतलेला, पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यासारखा.

मी म्हटलं, ''मालक, तुमच्या कारखान्यात एकही म्हातारा नाही. ढवळायलाही यंत्र आहे.''

''म्हणून तर चित्र काढायचं,'' ते म्हणाले. ''असता तर फोटोच नसता का काढला?''

मी पेन्सिल उचलली.

शनिवार, ६ एप्रिल

म्हातारा झाला. मोठंकरा खूश – इतके की मोठा करा म्हणायचं विसरले. जाता जाता आठवलं. भिंतींवर लावायला माणसाच्या उंचीचाही छापा म्हणाले.

ते गेल्यावर आमचे छापखान्याचे मॅनेजर चित्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, ''तुमचे सासरे बरे आहेत ना?''

मी पाहिलं. खांदे तेच. दांड्यावर दोन्ही हात एकावर एक, तसेच. डावी भुवई वर. मी त्यांना समोर बसवलं नव्हतं, डोळ्यांपुढेही आणलं नव्हतं. इतकी वर्षं दुसरा कुणी साबण ढवळणारा पाहिलाच नाही, तर हात जाणार कुठे? बदलायला हवं होतं. पण सहाच्या सहा दगड तयार, कागद कापून ठेवलेला, यंत्रावर रांग. दाढी लावावी म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, दाढी लावली तर म्हातारा साधू दिसेल आणि साबण कोण घेईल?

छापून झालं.

सोमवार, १५ एप्रिल

चौकात, पुलाच्या कमानीवर, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर – सासरे. रांगेने. एकाशेजारी एक, हसतमुख. ते खरे कधी असे हसलेले मला आठवत नाहीत.

हिने भाजी आणायला जाताना पाहिलं. परत आली ती रिकाम्या पिशवीने.

''विचारायचं तरी होतं.''

''मुद्दाम नाही काढलं.''

''सहा रंगांत? नकळत?''

मंगळवार, १६ एप्रिल

सासरे बोलत नाहीत. माझ्या ताटात वाढताना हीसुद्धा पळी आपटते.

गुरुवार, २ मे

आता लोक पडवीत येऊ लागलेत. पहिला आला तो भांडायलाच. कारखान्याचं वेष्टन फडफडवत – ''आजोबा, तुमच्या साबणाने माझ्या सदऱ्याचा रंग खाल्ला.'' सासरे म्हणाले, हा माझा साबण नाही. तो म्हणाला, तोंड तर तुमचंच आहे.

दुसरी बाई आली. तिने कढईतल्या साबणाचा वास घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ''त्या वेष्टनावरच्या म्हाताऱ्याची नक्कल करून माल खपवता होय? लाज नाही वाटत या वयात?''

ही धावत मध्ये पडली. मी छापखान्यात होतो म्हणून वाचलो.

जेवताना सासऱ्यांनी इतक्या दिवसांनी माझ्याकडे तोंड केलं. ''उद्या मला त्या माणसाकडे न्या.''

शुक्रवार, ३ मे

नेलं. रस्ताभर मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

मोठंकरा खुर्चीतून उठले नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, ''हे कोण?'' त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचे सासरे हसत होते, खाली खरे उभे होते आणि हा मनुष्य मला विचारतो, हे कोण! मी बोट दाखवलं. मग उठले. हात धरला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. सासऱ्यांना तोंडही उघडू न देता सांगून टाकलं – आमच्या मोठ्या दुकानाच्या काचेआड बसा. कढई आम्ही देऊ, दांडा आम्ही देऊ. नुसतं ढवळायचं.

''कढईत काय असेल?'' सासऱ्यांनी विचारलं.

''काही नाही. आत जाळ कसा करणार? पडदे आहेत.''

सासरे उठले. मला वाटलं आता होणार काहीतरी. पण ते म्हणाले, ''यंत्र दाखवा.''

दाखवलं. त्यांनी एक वडी उचलली, नखाने खरवडली, खार बघायला जिभेला लावली, थुंकले. पुन्हा एक उचलली. तेच. मग खाली ठेवली आणि बाहेर पडले.

परतताना चौकात थांबले. चित्रासमोर. आता फाडणार.

''जावईबापू, माझा कान एवढा मोठा आहे?''

''नाही बाबा.''

''मग एवढा का काढलात?''

भिंतीवरच्या छाप्यासाठी मालकांनी नंतर कानही मोठा करायला लावला होता. हे मी सांगितलं तर त्यांना पटलं नसतं.

रविवार, ९ जून

आता तर हद्द झाली.

लोक मुद्दाम शोधत येतात. 'तो चित्रातला म्हातारा' बघायला. बघायला येतात आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून साबण घेऊन जातात. त्यांचं म्हणणं, कारखान्यात मिळतो तो याच्या हातचा, मग थेट इथूनच का नको? भट्टी दिवसातून दोनदा लागते. एवढा धूर लग्नानंतर प्रथमच.

आणि सासरे! चित्रात निळा सदरा आहे. मला निळी शाई संपवायची होती, एवढंच त्याचं कारण. तर आता निळाच सदरा घालतात. हिने दुसरा शिवून दिला. लोक आले की डावी भुवई वर करतात. मी काढली त्याहून जास्त. परवा मला म्हणाले, ''दांडा तुम्ही जरा तिरका धरवलाय, पण दिसतो बरा.'' आणि आता तसाच तिरका धरतात. साबण त्याने नीट ढवळला जात नाही हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

संध्याकाळी फिरायला जाताना वाटीत खळ घेऊन जातात. ही म्हणाली, जरा मागोमाग जाऊन बघा काय करतात. गेलो. गिरणीच्या भिंतीवर वाऱ्याने एक कोपरा सुटला होता. तो चिकटवत होते. तळहाताने सावकाश दाबून. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं.

मी दिसलो तर म्हणाले, ''तुमच्या छापखान्याची खळ फार पातळ असते.''

शनिवार, १७ ऑगस्ट

मोठंकरा पुन्हा. टोपी पुन्हा शाईवर. म्हाताऱ्याने काम केलं म्हणाले, आता बास. लोकांची भीड चेपली. आता यंत्र हवंहवंसं वाटायला पाहिजे. नवा जमाना. केस मोकळे सोडलेली मुलगी, मागे कारखान्याचं धुराडं, आणि अक्षरं –

मोठी. हो, कळलं.

मी म्हटलं, ''म्हाताऱ्याला लोक ओळखायला लागलेत, मालक. राहू दे की.'' स्वतःच्या तोंडून हे ऐकून मलाच नवल वाटलं.

ते म्हणाले, ''साबणाला ओळखू देत.''

दुसरे दगड मागवायला मॅनेजर तयार नाहीत. हेच घासा म्हणाले. दुपारभर वाळू आणि पाणी टाकून दगडावर दगड फिरवत बसलो. कपाळ आधी गेलं. भुवई बराच वेळ जाईना.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

मुलगी सगळीकडे लागली. संध्याकाळी सासरे खळीची वाटी घेऊन बाहेर पडले आणि लगेच परत आले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पडवीत कुणी येत नाही. शेजारच्या काकू विचारत होत्या, मुलीचा साबण म्हाताऱ्याच्या साबणापेक्षा सुवासिक आहे ना? मी उठून घरात गेलो.

रविवार, २२ सप्टेंबर

सकाळी खणखण ऐकून मागे गेलो. सासरे भट्टी पाडत होते. एकेक वीट काढून, झटकून, भिंतीशी रचत. कढई आधीच पालथी घातलेली. ही दारात उभी, पदर तोंडाला लावून.

मी हातातून पहार घेऊ लागलो. म्हटलं, ''बाबा, चित्र येण्याआधी इतकी वर्षं चाललंच होतं की.''

''तेव्हा चाललं,'' ते म्हणाले. ''तेव्हा मी कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं.''

पहार त्यांनी सोडली नाही. मी विटा रचू लागलो.