माझी फुफ्फुसे ठणठणीत आहेत

मी, रेनो मॅटियास कांगस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा लाकूडतोड, राहणार टॅमरॅक लेक, मिशिगन, हे मृत्युपत्र वकील पॉला हार्जू यांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. डोके जागेवर आहे. प्यालेलो नाही. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकील असे माणूस घरात उरलेले नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सगळे मुलगा वेन याच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. मला स्तनाचा कर्करोग आहे. पुरुषालाही होतो. डावी बाजू कापून काढली, आता तो हाडांत उतरला आहे. वेनने गावात फुफ्फुसांचा म्हणून सांगितले आणि पास्टरांनी भर चर्चमध्ये माझ्या फुफ्फुसांसाठी प्रार्थना केली. मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. उभा राहून म्हणालो, "फुफ्फुसं नाहीत, स्तन." वेनने बाही ओढून मला खाली बसवले. तरी माझ्या मृत्यूच्या बातमीत 'स्तन' हाच शब्द छापावा. 'शूर झुंज' वगैरे कोणी लिहिल्यास छपाईचा खर्च त्याने स्वतः सोसावा.

२. राहते घर मुलगी मार्लिन हिला. माझ्या रक्तातला दोष तपासणीत तिच्यातही निघाला. रोग व्हायच्या आधीच तिने दोन्ही स्तन काढून घेतले. इस्पितळात भेटायला गेलो तर म्हणाली, "बाप मुलीला काय काय देतो. तुम्ही काय दिलंत बघा."

"मीही मागून घेतलं नव्हतं. माझ्या आईकडून आलं."

"मग तिच्या थडग्यापाशी जाऊन बसा, बाबा. इथं नको."

त्यानंतर बोलणे नाही. घर तिला नको असणार. तरी तिलाच. विकावे किंवा जाळावे. जाळायचे झाल्यास तिच्या आईचा सतरंज्या विणायचा माग आधी बाहेर काढावा.

३. करवती, कुऱ्हाडी आणि ट्रॅक्टर शेजारी बिल माकी याला. ऑपरेशननंतर माझ्याबरोबर सौनात उघड्या अंगाने वाफ घ्यायला तो एकटाच बसला. व्रण नीट पाहून म्हणाला, "शिवणारा शिकाऊ होता काय रे?" एवढेच.

४. तळ्याकाठची जमीन, सौनासह, वेन याला, पण अटीवर.

माझी गाठ सापडली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, "बाबा, ब्रा आणायला शहरात नेऊ का?" त्याची बायको शेरिल हसली, मग दोन्ही मुली हसल्या. पुढे शेरिलचे आईवडील शनिवारी सौनाला आले, तेव्हा म्हणाला, "तुम्ही नंतर एकटे जा. ते बघून त्यांना जेवण जायचं नाही." मी गेलो तोवर वाफेसाठी तापवलेले दगड निवले होते.

डॉक्टरांनी मुलानेही रक्त तपासावे म्हणून बजावले. त्याला मुली आहेत. तो म्हणाला, "ते बायकांचं काम आहे."

गेल्या उन्हाळ्यात तो तळ्यातून पोहून वर आला. त्याचे उजवे स्तनाग्र आत ओढले गेले होते. मी म्हणालो, "वेन, माझंही असंच सुरू झालं होतं."

त्याने शर्ट चढवला. "पोराच्या छातीकडे बघत बसता? लाज नाही वाटत?"

तेव्हापासून तो सौनात येत नाही. उकाडा सोसत नाही म्हणतो. शेरिलला सांगायला फोन केला, तर उचलला त्यानेच. म्हणाला, "पुन्हा हा विषय काढलात तर पोरी तुम्हाला दिसणार नाहीत."

अट अशी: वेनने स्त्रियांच्या दवाखान्यात, मी बसलो तसे, गुलाबी झगा घालून बसावे आणि तपासणी करून घ्यावी. न केल्यास जमीन काउंटीला कचरा टाकण्यासाठी द्यावी.

५. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या शुक्रवारी वकिलांच्या ऑफिसात वाचावे. वेन, शेरिल आणि मुलींना बोलवावे. जमिनीचा विषय आहे म्हटल्यावर तो येईल. चौथे कलम संपताच दाराला आतून कडी लावावी आणि शेरिलला नवऱ्याच्या शर्टाची बटणे काढायला सांगावे.

वकीलबाई म्हणाल्या, "मुलींसमोर? हे क्रूर आहे."

मी म्हणालो, "लिहा."

सही: रेनो एम. कांगस
साक्षीदार: ऑरव्हिल सालो, जीन बोशाँ
टॅमरॅक लेक, ३ ऑक्टोबर २०११

पुरवणी

वाचन ठरल्याप्रमाणे झाले. बटणे शेरिलने काढली. धाकटी मुलगी ओकली. वेनने गुलाबी झगा घालून तपासणी करून घेतली; सापडलेली गाठ कर्करोगाची निघाली. पसरलेली नाही, असे डॉक्टर म्हणतात. अट पुरी झाली, जमीन त्याची.

काल त्याचा फोन आला. "तुम्ही मेलात तरी मी येणार नाही."

मी म्हणालो, "नको येऊस. त्या दिवशी तुझं केमो असेल."

सही: रेनो एम. कांगस
साक्षीदार: वरीलप्रमाणेच
टॅमरॅक लेक, २१ नोव्हेंबर २०११