कवळीनं खाल्लेली भाकरी

१३ जानेवारी १९७८, पिंपरी. आज भोगी.

आज भाकरी खाल्ली. बाजरीची, तीळ लावलेली, लोण्याबरोबर. दात काढल्यापासून या घरात माझ्या ताटात नुसता मऊ भात. सकाळी भात, संध्याकाळी भात. अंग उतरलं, चालताना पाय लटपटायला लागले, आणि सगळे म्हणायचे, वय झालं. वय कसलं? डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "बाई, तुम्ही पोटभर खातच नाही."

कवळी करते म्हटलं तर वसंता म्हणाला, "आई, आता या वयात कशाला?" पोटचा मुलगा! मी वाद घातला नाही. एकटीच बसनं चिंचवडला गेले आणि माप देऊन आले. काल जाऊन कवळी घेऊनही आले. पेन्शन माझी आहे, तोंडही माझंच.

आज वसंता कंपनीतून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. सुनेनं सवयीनं माझ्यापुढे मऊ भात ठेवला. मी तो बाजूला सारला.

"सुधा, मला भाकरी वाढ."

"आई, टोचेल तुम्हाला."

"टोचू दे."

टोचलीच. डोळ्यांत पाणी आलं. वसंता म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." मी चावत राहिले. सगळ्यांची जेवणं उरकली तरी उठले नाही. शेवटी सुधानं न विचारता आणखी चतकोर वाढली, वर लोण्याचा गोळा.

हिरड्या ठणकताहेत. ठणकू देत. उद्या संक्रांत. माझा तिळगूळ कुटून द्यायचा नाही, असं आत्ताच बजावून आलेय.