ओळखीच्या खुणा

४ जानेवारी १९५४, सोमवार. जळगाव

आले एकदाची! धुळ्याहून निघालेली मोटार पारोळ्याला तासभर बसून राहिली. एरंडोल आलं तेव्हा मी पदर पुढे ओढून घेतला. सासरचं कुणी दिसलं असतं तर आधी चहा, मग उपदेश, आणि कामावर रुजू व्हायचा पहिलाच दिवस चुकला असता.

खोली सुगनबाईंकडे मिळाली. मारवाडी, जैन, तोंडाने फटकळ. कांदा-लसूण चालणार नाही हे त्यांनी माझं नाव विचारण्याआधी सांगितलं. मग माझ्या कपाळावरचं कुंकू पाहून मालक कुठे असतात, असं विचारलं. लढाईवर, मी म्हणाले. लढाई संपून नऊ वर्षं होत आली बाई, असं त्या म्हणाल्या, आणि वर चहा पाजला.

कचेरी माजी सैनिकांच्या कागदांची आहे. कुणाचं वय चुकलेलं, कुणाच्या बापाचं नाव काकाच्या जागी, एकाला तर सेवापुस्तकात दोनदा जखमी केलंय आणि तो म्हणतो मला साधं खरचटलंही नाही. ते दुरुस्त करायचं काम माझं. जुनं खोडायचं नाही. तांबड्या शाईची एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर नवं लिहायचं, सही, तारीख, लाखेची मोहोर. शिपाई झुलाल धुळ्याकडचा, पन्नाशीचा. मला पहिल्याच दिवशी अक्का म्हणाला. मला इथे बरं वाटेल.

८ जानेवारी, शुक्रवार

आज साहेबांच्या परवानगीने सुकदेवची फाईल पाहिली. नोकरी घेतली ती खरं तर याचसाठी. लष्करी इस्पितळात कारकून, सिंगापूर, फेब्रुवारी १९४२ पासून बेपत्ता. पुढे सेहेचाळीस साली कुणीतरी लिहिलंय, 'मयत समजावा'. समजावा. मेला असं नाही. त्या एका शब्दावर मी आठ वर्षं कुंकू लावलं.

गंमत म्हणजे त्याच्या पुस्तकात 'ओळखीच्या खुणा' हा रकानाच कोरा आहे. भरती करणाऱ्याने आळस केला असेल. जवळच्या नातेवाइकाच्या जबाबावरून तो भरता येतो, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, भरते सावकाश. मग तो आला की कुणाला शंका नको.

मला मात्र खुणा नाहीत, सवयी आठवतात. कामाला बसण्याआधी तो दहाही बोटं मोडायचा. आधी आठ, मग थांबून दोन्ही अंगठे. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

१२ जानेवारी, मंगळवार

असोद्याचा लोटन नावाचा माणूस आला. पुस्तकात तो आफ्रिकेच्या आघाडीवर एक्केचाळीस साली मेलेला आहे. म्हणतो, परक्या इस्पितळात पडून होतो, डोक्याला मार होता, आठवण गेली होती. मला हयात लिहा, म्हणजे घरचे घरात घेतील. फार नम्र. पाणी दिलं तर घेतलं नाही. मोहोरेची लाख वितळवायच्या दिव्यापासून मात्र लांब बसला.

नियम असा की खुणा आधी त्यानेच सांगायच्या, मी मनात ताडून बघायच्या. त्याला एकही सांगता येईना. हात जोडून म्हणाला, बाई, तुम्हीच वाचा, मी आठवून बघतो.

माझ्या डोळ्यांपुढे सुकदेव उभा राहिला. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी टेबलापुढे, स्वतःच्या खुणा विसरलेला. मी वाचलं. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ, उजव्या गुडघ्याखाली भाजल्याचा डाग. तो हळूहळू ते शब्द पुटपुटला. तीळ मला दिसला नाही, पण तो उन्हाकडे पाठ करून बसला होता. उद्या ये म्हटलं.

१३ जानेवारी, बुधवार

तीळ आहे. कालही असणार, माझी नजर चुकली. डागही त्याने धोतर वर करून दाखवला.

अंगठा घेतला. ठसा विचित्र आला. वळसे नाहीत, मधून एक जाड रेघ आणि तिला दोन्ही बाजूंनी तिरप्या बारीक रेघा. झुलालला दाखवला. तो हसून म्हणाला, "अक्का, कागद बठ्ठा बराबर शे, माणूसच चुकेल शे!" कागद सगळा बरोबर, माणूसच चुकलेला आहे म्हणे. शेतात राबून अंगठे झिजतात, असंही मग म्हणाला. आणखी एक नवल. पुस्तकातल्या वयाला तेरा वर्षं जोडली तर हा चाळिशीचा हवा. दिसतो पुस्तकातल्याइतकाच, सत्तावीसचा.

साहेब म्हणाले, खुणा जुळल्या, आता कशाला अडकवता गरिबाला. 'मयत' वर तांबडी रेघ मारली, वर 'हयात' लिहिलं. हात हलका वाटला. संध्याकाळच्या टपालाने कागद गेला.

१७ जानेवारी, रविवार

लोटनच्या बायकोला आनंदाची बातमी स्वतः द्यावी म्हणून तिळगूळ घेऊन असोद्याला गेले. केळीच्या बागांमधून छान रस्ता आहे. ते सगळं आता लिहवत नाही.

तिचं नाव भागाबाई. 'हयात' म्हणताच तिने तिळगूळ बाजूला सारला आणि ती खाली बसली.

तिने सांगितलं ते असं. लोटन मेल्याची तार आली तेव्हा तिच्या सासूने क्रिया करू दिली नाही. गेल्या वर्षी सासू वारली. मग भाऊबंदांनी पितृपक्षात पळसाचा विधी केला. देह नसला की करतात तो. तीनशे साठ पळसाच्या पानांचा माणूस बांधायचा, डोक्याला नारळ, वरून जवाचं पीठ लिंपायचं, आणि त्याला अग्नी द्यायचा. मागे वळून न बघता सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तर राखच नव्हती.

दसऱ्याला तो दारात येऊन बसला. नाक-डोळे धड नव्हते. तिला विचारायचा, मी कसा चालायचो, काय खायचो. तिला वाटलं, देवाने धाडला. "मीच सांगत गेली, बाई, अन् तो तसा तसा होत गेला. मग मी भ्याली. सांगणं बंद केलं."

म्हणून तो कचेरीत आला. जे तिने सांगितलं नाही, ते मी वाचून दाखवलं.

पाहुण्याला चहा करायला ती उठलीच नाही. सरकारच्या कागदात मेलेला होता तोवर गाव त्याला उंबऱ्याबाहेर ठेवत होतं, असं म्हणाली. आता? आता काय म्हणून त्याला अडवू? तिळगूळ तसाच परत आणला.

१८ जानेवारी

साहेबांना म्हटलं, दुरुस्ती मागे घेऊ. ते म्हणाले, जिवंत माणसाला कागदावर मारायला मी काय यम आहे? कचेरीभर हशा झाला.

कचेरीत राहिलेला लोटनचा ठसा पुन्हा काढून पाहिला. लहानपणी मी पळसाच्या पत्रावळी लावल्या आहेत. ती मधली शीर मी डोळे मिटून बोटाने ओळखीन.

२ फेब्रुवारी

सासऱ्यांचं पत्र आलं. पंधरा तारखेला बारा वर्षं पुरी होतात. आबा लिहितात, पोरी, थांबलो तेवढं पुष्कळ झालं, त्याच्या जिवाला गती नको का? पळसाची पानं आणायला माणूस धाडलाय, कारण आता झाडं निष्पर्ण होत चाललीत.

लगेच उत्तर लिहिलं. करू नका. कारण काय देऊ? मी वेडी झाले असं म्हणतील. तरी लिहिलं.

९ फेब्रुवारी

लोटन आणि भागाबाई कचेरीत आले. पुस्तकात बायकोची नोंद करायची होती. गावाने त्याला तुपात बुडवून काढलं, पाळण्यात घातलं, बारसं केलं, मग भागाबाईशी पुन्हा लग्न लावलं. क्रिया झालेला माणूस परत आला तर शास्त्र तसंच आहे म्हणे.

भागाबाई हसत होती. मला ओळखलं नाही. मी दिवा जवळ घेतला तशी खुर्ची मागे सरकवून बसली. पाणी नको म्हणाली.

अंगठा दिला तिने. मी कागद उचलून पाहिला.

तीच शीर.

१५ फेब्रुवारी. एरंडोल

आबांना थांबवायला आले होते. पाया पडले, रडले, भागाबाईचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, माया वेडी असते पोरी, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून कामाला लागले.

ओसरीवर तो निजवला होता. पीठ आबा स्वतः लिंपत होते, लहान लेकराला तेल लावावं तसं. बोटं तर फार निगुतीने केली, एकेक वेगळं. म्हणाले, याचे हात फार चांगले होते. मग मला त्याचा जुना सदरा पांघरायला सांगितला. मी पांघरला. बटणंही लावली. का लावली?

तिसऱ्या प्रहरी नेला. जावांनी बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. नंतर आरशात पाहिलं तर मीच मला ओळखू आले नाही. माझीही एक खूण गेली.

१६ फेब्रुवारी

आबा सकाळी राख सावडायला गेले, ते रिकामं मडकं घेऊन आले. म्हणाले, वाऱ्याने गेली असेल.

काल वारा नव्हता.

१ मार्च. जळगाव

कचेरीतून आले तर सुगनबाईंनी सांगितलं, दुपारी कुणी पुरुष मला विचारत आला होता. बराच वेळ पायरीवर बसला. तोंड नीट दिसलं नाही, गिरणीतून आल्यासारखं पांढरं होतं. त्यांनी पाणी देऊ केलं, घेतलं नाही. बाईमाणसाच्या दारी हे बरं नाही, असंही बोलल्या.

पायरीवर पांढरी पूड आहे. जवाचं पीठ.

४ मार्च

आज मी स्वतः पाहिला. खिडकीतून. भर उन्हात. तीस वर्षांचा बांधा. मी एकेचाळीस वर्षांची झाले, तो तिथेच आहे. सदरा तोच. बटणं लावलेली — मी लावलेली.

चेहऱ्याच्या जागी अजून काही नाही.

७ मार्च, रविवार

सकाळपासून बसलाय. सुगनबाई देरासरात, त्यांच्या मंदिरात, गेल्या आहेत. मी दार उघडलं नाही. बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले आणि —

बोटं मोडल्याचा आवाज. वाळक्या पानावर पाय पडावा तसा. मोजले. आठ. मग थांबला. मग दोन.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त इथे —

या वहीत —

कागदाने सांगितलं त्याला. माझ्या कागदाने. आता एक अक्षरही लिहायचं नाही.

८ मार्च

वही चुलीत घालायला नेली. सुकदेवचं नाव दिसलं. परत आणली.

हे लिहायलाही नको होतं.

१३ मार्च

फाईल घरी आणली आहे. चोरून. कुणी दुसऱ्याने तो रकाना भरू नये म्हणून. आणखी कशासाठी नाही. तांबडी शाई झुलालने आपणहून दिली. म्हणाला, अक्का, तब्येत जपा —

भागाबाई आठवते. तिचं ते हसणं. नाही. मी लिहिणार नाही.

१४ मार्च. दुपार

दार मी उघडलं. किती दिवस ऊन खाईल.

तो काही मागत नाही. उंबऱ्याबाहेरच आहे. हात मांडीवर. आबांनी केलेली बोटं — खरंच त्याचीच. तोंड माझ्याकडे वळवून बसलाय, डोळे नाहीत, तरी वाट बघतोय. बारा वर्षं मी अशीच बसले होते. तेव्हा कुणी मला काही सांगितलं असतं तर —

तो नाही हा. मला कळतंय. मला सगळं कळतंय.

रकाना कोरा आहे. एकच लिहिते. एकाने काय होतंय —

ओळखीच्या खुणा. १. उजव्या भुवईत जुना व्रण. लहानपणी पाटाच्या कडेवर पडला होता.

तो कपाळावरून हात फिरवतोय. थांबला. सापडला त्याला.

हसतोय.

नाही, असा नाही. असा नव्हता हसत तो. आधी डोळे बारीक व्हायचे, आणि मग डाव्या गालावर