बेडकांचा शाकाहार

ती. ताई,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. डोळ्यावरची पट्टी सुटली का? थेंब वेळेवर घालतेस ना? पट्टी सुटली नसेल तर हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस, दाजींकडून तर मुळीच नको. उशीखाली ठेव आणि बरी झालीस की आपल्या डोळ्यांनी वाच.

आधी पोच. बसच्या चालकाबरोबर तू पाठवलेलं सामान मिळालं ते असं: काचेची टाकी एक (कोपऱ्याला टवका, तो आधीचाच), पाण्यातले बेडूक दोन, वाळवलेल्या अळ्यांची डबी एक, तुझ्या हातचा सूचनांचा कागद एक. खर्च: हातगाडी, वीस. टाकीचं झाकण, काही नाही (पिठाची जुनी चाळणी बसली). हे मागच्या कार्डात कळवलंच होतं. अळ्या फार आवडीने खाल्ल्या, असंही लिहिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोणी खाल्ल्या, तेवढं लिहायचं राहिलं.

ताई, शिंप्याच्या कोंबड्यांनी खाल्ल्या. ज्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, तिथे ती डबी ठेवायची तरी कुठे? मिठाशेजारी? (तुझं काय, तुझा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत गेला, तुला पालही माहेरची वाटते.) मी विचार केला, मुके जीव आहेत, चांगल्या घरात आलेत, चांगलं वळण लावू. म्हणून त्यांना भिजवलेले तांदूळ, किसलेलं गाजर आणि चिमूटभर डाळीचं पीठ सुरू केलं. दोघांतली थोरली दाणा दोन्ही हातांनी तोंडात घाली आणि पुन्हा बाहेर काढून ठेवी. मला वाटलं, देवासाठी बाजूला काढतेय. एवढी मॅट्रिक झालेली बाई मी, पण वाटलं खरं.

आणि ती बसायची तरी कशी! पाण्यात निश्चल, दोन्ही हात पसरलेले, डोळे कायम वर. धाकटा तर संध्याकाळी माझ्या जपाच्या वेळी घड्याळाला किल्ली दिल्यासारखा बारीक आवाज काढी. आता तूच सांग, कोणाच्याही मनात काय येईल? ते मनात आलं तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी प्रार्थना मंडळात सांगितलं. सहाजणी बघायला आल्या. मोठ्या बाई (आमच्या मंडळाच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, आजही समोर आल्या की मी पदर सारखा करते) टाकीपुढे हात जोडून म्हणाल्या, "माझा मुलगा माझं ऐकत नाही, आणि तुमचे बेडूक ऐकतात!" ताई, मी नुसती हसले. नम्रपणे हसले, हे त्याहून वाईट. पुढच्या गुरुवारची प्रार्थना आमच्याकडे ठरली आणि मी चार शब्द बोलायचे ठरले. विषय: आहार आणि मन.

गुरुवारी मोठ्या बाई एका बरणीत आपला लाल मासा घेऊन आल्या. या दोघांच्या संगतीत राहू दे म्हणून स्वतःच्या हातांनी त्यांनी तो टाकीत सोडला. मी डोळे मिटून बोलायला उभी राहिले. ज्याने जिभेवर ताबा मिळवला, इथवर आले असेन नसेन, तोच समोरून एक चमत्कारिक शांतता ऐकू आली. डोळे उघडले तर थोरलीच्या तोंडातून लाल शेपूट बाहेर, आणि गादीच्या खोळीत कापूस भरावा तशी ती दोन्ही हातांनी ते आत कोंबतेय. शिंपीणबाईंना तेव्हाच आठवायचं होतं. म्हणाल्या, "अगोबाई, आमच्या कोंबड्यांना दिलेली ती डबी यांचीच का हो?" मोठ्या बाईंनी रिकामी बरणी उचलली आणि गेल्या. हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते, डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, "आज पारणं होतं का?"

त्या संध्याकाळी तुझा कागद पुन्हा काढला. मागची बाजू कोरी समजून तिच्यावर मी धोब्याचे कपडे टिपले होते. त्या टिपणाखाली तुझ्या बारीक अक्षरात होतं: यांना जीभ नसते. सोबत मासा ठेवू नये. उपाशी असले की वर हाताकडे बघत राहतात.

ताई, ती देवाकडे बघत नव्हती गं. अठरा दिवस माझ्या हाताकडे बघत होती. कुशी बघितल्या तर खपाटीला गेलेल्या. देवाचं नाव पुढे करून मी दोन जिवांना उपाशी मारत होते, आणि त्यावर भाषण करत होते. जपाला बसवेना. उठले, कुंडी उकरली आणि स्वयंपाकाच्या चिमट्याने गांडूळ काढून दिलं. (चिमटा आता टाकीकडेच राहील, नवा घेणार नाही, कापडाने भांडी उतरवीन.)

तू विश्वासाने ठेव सोपवलीस आणि मी ही अशी. रागव, पण पत्रातून रागव. दाजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. अळ्यांची आणखी एक डबी धाड. वर 'औषध' लिही. पोस्टमन शिंप्याचा मेहुणा आहे.

ता. क. दुसरा: पत्र बंद करण्याआधी मोठ्या बाईंकडे माफी मागायला जाऊन आले. म्हणाल्या, तो मासा बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडायचा, तुमच्याकडे सुधारेल असं वाटलं होतं. दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच विचारलं, तसाच आणखी एक आहे, आणू का? मी नको म्हटलं. (धाकट्याच्या वाट्याला मात्र मासा आला नव्हता, हेही मनात आलं. लिहायला लाज वाटते.)

ता. क. तिसरा: बरी झालीस की बेडूक परत नेणार का, ते उलट टपाली कळव. थोरली आता माझ्या हातून खाते. नेणार असशील, तर मात्र कळवायची घाई नाही.