मोटार आमची, बैल मुंजाजीचे

जिंतूर, शनिवार, १३ जून १९५३

आज मोटार घरी आली. जहागिरी गेल्यापासून चार वर्षं जहागीरदारसाहेबांच्या देवडीत झाकून ठेवलेली होती. काळी, लांबलचक, विलायती सालून. चामड्याच्या सीटा, खिडक्यांना रेशमी पडदे, आत गुलाबाचं फूल खोचायला काचेची नळी. जिंतूरच्या अदालतीत आम्ही अकरा वकील. मोटारवाला मी एकटा. किंमत इथं लिहीत नाही. सौ. कावेरी ही वही वाचत नाही, पण तरी.

देवडीपासून घरापर्यंत मोटार स्वतः चालत आली नाही, हे खरं. इतक्या वर्षांची विश्रांती, एकदम कशी उठेल? माझा मुवक्किल मुंजाजी पेशीसाठी गाडीबैल घेऊन आलाच होता. त्याच्या बैलांनी थोडी साथ दिली.

सौ.नं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नजर मोटारीवर नव्हती, बैलांवर होती.

रविवार, १४ जून. सकाळी ९

संकल्प: रोज सहाला उठून मोटारीची देखभाल. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणे. तंबाखू बंद. आज नऊला उठलो, तेव्हा उद्यापासून.

शुक्रवार, १९ जून

मिस्त्री मिळाला. बन्सीधर. पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये तीस वर्षं फिटर होता, आता इथं जावयाकडे असतो. बॉनेट उघडून अर्धा तास आत बघत राहिला. मग विचारलं, साहेब, कोळसा कुठून टाकत्यात?

विनोदी माणूस आहे. निदान मी तसं धरून चाललो आहे.

शुक्रवार, २६ जून

चालू झाली! पूर्ण तीन मिनिटं. आळीतली शेळी दावं तोडून पळाली. बन्सीधर म्हणाला, इंजन एक नंबर हाय साहेब, हिच्यात काईच दोष न्हाई, फक्त खाली रूळ न्हाईत.

इंग्रजी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलंय, अडचण आल्यास जवळच्या एजंटाला भेटा. जवळचा एजंट मुंबईला. पुस्तक मिटलं.

रविवार, ५ जुलै

विमला मॅट्रिक पास झाली. आमच्या घराण्यातली पहिली. दिवसभर लोक येऊन गेले. निम्म्यांनी विचारलं, आता लग्न कधी? निम्म्यांनी विचारलं, मोटार आज बंद का? मी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं: लवकरच काहीतरी होईल.

विमला म्हणाली, बाबा, मला मास्तरीण व्हायचंय. औरंगाबादला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज करते. मी म्हणालो, अवश्य. पोचवायला मोटार आहेच. ती हसली. आनंदानं असणार.

शनिवार, १८ जुलै

परभणीच्या जिल्हा अदालतीत स्वतःच्या मोटारीनं गेलो. जाताना फक्त तीनदा थांबलो. येताना साडेआठ तास लागले. पहिला पाऊण तास इंजिन, बाकी मुंजाजीचे बैल. त्याचं खेडं रस्त्यावरच, बोरीच्या दोन कोस पुढं परभणीच्या अंगाला, ही मोठी सोय आहे. मोटार दर वेळी नेमकी तिथंच थांबते. जनावरासारखी जागा ओळखते.

मुंजाजी म्हणाला, बैलांना आता सवय झाली वकीलसाहेब, त्यांना वाटायलंय ह्ये बी औतच हाय, फाळ तेवढा न्हाई.

सोमवार, २० जुलै

बाररूममध्ये किशनराव वकिलानं सगळ्यांदेखत विचारलं, काय हो माधवराव, मोटारीनं वकालतनामा बैलांच्या नावे लिहून दिला म्हणे? पुढं असंही म्हणाला की, मुंजाजीचा बांधाचा दावा माझ्याकडे आहे म्हणून तो बिचारा नाही म्हणू शकत नाही. साफ खोटं. मुंजाजीला यंत्रांची आवड आहे.

संकल्प: किशनरावाशी बोलणं बंद. तंबाखू त्याच्याकडची घेणंही बंद.

बुधवार, १२ ऑगस्ट

औरंगाबादचं पत्र आलं. विमलाची निवड झाली. बुधवार ९ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता मूळ सर्टिफिकिटांसह स्वतः हजर राहावं, न राहिल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल. विमलानं पत्र चारदा वाचलं आणि सर्टिफिकिटांबरोबर ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. मग परत काढून वाचलं.

सौ. मला बाजूला घेऊन म्हणाली, सेलूच्या स्थळाला मी कॉलेजचं ठरू द्या म्हणून थोपवलंय. जागा गेली, तर त्यांना थांबवायला माझ्यापाशी दुसरं काही नाही. मुलगा बिजवर आहे, विमलाला पसंत नाही, पण तुमच्या वडिलांनी शब्द टाकलाय.

मी म्हणालो, जागा जाईलच कशी? बेत ठरला. आठ तारखेला सकाळी मोटारीनं परभणी. संध्याकाळच्या औरंगाबादच्या गाडीनं तिचा मामा उद्धव पूर्णेहून येणारच आहे. तो स्टेशनात डब्याच्या दाराशी उभा राहील आणि भाचीला पुढं घेऊन जाईल. वकिलाची मुलगी कॉलेजला निघाली आहे, हे परभणीनं बघितलं पाहिजे.

रविवार, ३० ऑगस्ट

बन्सीधरनं एक पितळी तुकडा घासून आत बसवला. कुठला, विचारलं नाही. गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन आलो. न थांबता! परतीला उतार होता, तरीही.

सौ. म्हणाली, आठला अमावास्या आहे, पोळा आहे, आदल्या दिवशी बसनं पाठवा तिला. मी तिला समजावलं. ही विलायती मोटार, तिच्या कारखान्याला अमावास्या ठाऊक नाही. माझ्या डायरीतसुद्धा तिथ्या छापलेल्या नाहीत. आणि पोळा बैलांचा सण. मोटारीचा त्याच्याशी काय संबंध?

सौ. उठून चुलीकडे गेली. पटलं असावं.

मंगळवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.१०

निघालो. हँडल अवघं अकरा वेळा मारलं. विमलाला मागच्या सीटवर बसवलं, साहेबासारखं. ट्रंक, वळकटी, धपाट्यांचा डबा. सौ. तिच्या कानात काहीतरी बोलली. काय ते विचारलं, तर म्हणाली, काही नाही, आईचं.

सकाळी ८.०५. बोरीच्या अलीकडे

पाणी उकळलं म्हणून थांबलो. ठरलेलंच थांबणं. मागून परभणीची बस आली. दिवसाची एकच. ड्रायव्हरनं आपणहून थांबवली. खिडकीतून किशनरावाचं डोकं. म्हणाला, लेकीला द्या इकडं माधवराव, जागा आहे. तुम्ही या मागून, बैल सुटल्यावर.

सगळी बस हसली. मी म्हणालो, आभारी आहे, आम्ही तुमच्या आधी पोचू. बस गेली. मागं वळून बघितलं, तर विमलाचा हात दाराच्या कडीवर होता आणि मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. म्हणाली, बाबा, बस गेली. मी म्हणालो, जाऊ दे, गर्दी फार होती.

सकाळी ९.४०

थांबलो. मुंजाजीच्या खेड्यापाशी. अर्थात. परभणी अजून पाच कोस. बॉनेटमधून काहीतरी निसटून खाली पडल्याचा आवाज झाला. शोधलं. पितळी आहे.

काळजीचं कारण नाही. मुंजाजीला निरोप धाडला.

सकाळी १०.३०

मुंजाजी आला. एकटाच. नवं धोतर, हाताला शिंगांचा रंग. मी म्हणालो, बैल? तो म्हणाला, आज पोळा हाय साहेब. मी म्हणालो, माहीत आहे, पण अडचण आहे. तो म्हणाला, काल नदीवर न्हेऊन धुतलंय, हळद-तुपानं खांदं मळलंय, आवतण दिलंय की उद्या जेवाय या म्हणून. घरी बोलावलेल्या पाव्हण्याच्या मानंवर जू ठेवत असत्यात का?

मी कायद्यानं पटवलं. की हे औत नाही, गाडीही नाही. जू लावायचं नाही, फक्त दोर बांधायचा. मुंजाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, दोर बी मानंलाच बांधायचा की वो. मग हात जोडले. म्हणाला, दाव्याचं काय करायचं ते करा साहेब, आज न्हाई.

दाव्याचं मी बोललोच नव्हतो.

सबंध गावात फिरून आलो. चाळीस बैल असतील. सगळे रंगवलेले, गळ्यात घुंगरमाळा, झुली. प्रत्येकानं मला तोंड भरून या बसा म्हटलं, जेवायचा आग्रह केला. बैल कोणी दिला नाही. वाटलं, बैलसुद्धा ओळखतात मला. एकानं तोंड फिरवलं.

सकाळी ११.१५

मोटारीपाशी परत आलो तर गर्दी. मुंजाजीची बायको भिवराबाई पुरणाचं ताट घेऊन उभी. तिनं नवऱ्याला विचारलं, ह्येला बी निवद दाखवायचा का? मुंजाजी म्हणाला, पोळा राबणाऱ्याचा असतोय. ह्ये तर बारा महिने बसूनच हाय.

विमला हसली. बऱ्याच दिवसांनी. मग एकदम रडू लागली.

सकाळी ११.४५

माळावर मेंढरं बसवलेली एक धनगरीण आहे, म्हाळसाबाई. ती तिचं तट्टू घेऊन परभणीकडे निघाली होती. तट्टाला पोळा नसतो. भिवराबाईनं तिला थांबवलं, काय बोलली कोण जाणे, आणि पाच मिनिटांत विमलाची ट्रंक आणि वळकटी तट्टाच्या पाठीवर. म्हाळसाबाई म्हणाली, पोरी, चपला काढून घे हातात, काळ्या मातीत रुतत्यात. चाल. गाडी मिळती तुला.

विमलानं मोटारीच्या खिडकीतून धपाट्यांचा डबा घेतला. म्हणाली, बाबा, तुम्हीपण चला. पाचच कोस.

मी म्हणालो, मोटार अशी उघड्यावर टाकून कसं येऊ? मुंजाजी म्हणाला, मी बसतो राखण, जावा की. मी म्हणालो, तसं नाही, हिचे पडदे रेशमी आहेत.

विमला पाया पडली आणि निघाली. म्हाळसाबाई पुढं, मग तट्टू, मग ती. परकराचा काठ वर खोचून. वळणापर्यंत बघत होतो. मागं बघितलं नाही तिनं. वेळ नव्हता तिच्याकडे.

संध्याकाळी ५.३०

गावचे बैल वाजतगाजत वेशीवर चाललेत. मोटार नेमकी तोरणाच्या वाटेत, म्हणून दहा जणांनी ढकलून बाजूला घेतली. दहा जण! म्हणजे माणसांनी ढकलली तर ही चालते. कुणीतरी दिव्यांवर बेगड चिकटवलाय, पुढच्या जाळीला बाशिंग बांधलंय. काढत बसलो नाही.

या वेळेला ती स्टेशनात पोचली असेल. किंवा नसेल. पाच कोस म्हणजे मुलीच्या चालीनं किती तास, हा हिशेब मी आज चार वेळा केला. दर वेळी वेगळा येतो.

बुधवार, ९ सप्टेंबर. सकाळी १०

दहा वाजले. ती हजर असेल. असायलाच पाहिजे.

मुंजाजी म्हणाला, आज पोळ्याची कर हाय साहेब, करीला बी आमच्यात बैल जुंपत न्हाईत. उद्या बघू. त्यानं जेवू घातलं. उरलेलं पुरण.

गुरुवार, १० सप्टेंबर

घरी पोचलो, बैलांमागे. सौ.नं दार उघडलं, माझ्या मागं बघितलं, विचारलं, गाडी मिळाली का तिला? मी म्हणालो, मिळाली असणार. तिनं विचारलं, म्हणजे तुम्ही स्टेशनवर नव्हता? मी मोटारीची परिस्थिती सविस्तर सांगितली. ऐकून घेतली तिनं. नंतर बोलली नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर

अजून बोलत नाही. श्रावण संपला तरी मौनाचं एखादं व्रत चालू असेल. पोस्टात तीनदा जाऊन आलो. मोटारीच्या भागांची वाट बघतो आहे, असं पोस्टमास्तरला सांगितलं.

मंगळवार, १५ सप्टेंबर

विमलाचं पत्र आलं. आईच्या नावे. सौ.नं मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडीच्या आधी अर्धा तास पोचली. पायाला फोड आलेत, बरे होताहेत. म्हाळसाबाई गाडी सुटेपर्यंत फलाटावर तट्टाचा लगाम धरून उभी होती, काही देऊ केलं तर घेईना. म्हणाली, शिक आणि आमच्या पोरींना शिकव, मग बघू. बुधवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना विमला कॉलेजात हजर. जागा मिळाली. यादीतली पुढची मुलगी बाहेर बाकावर बसली होती, वडिलांबरोबर.

सौ.नं डोळे पुसले. सेलूला कळवते म्हणाली. पाच दिवसांत मला उद्देशून पहिलं वाक्य.

पत्रातली एक ओळ वाचताना ती अडखळली होती, ती तिनं गाळली हे मला कळलं. दुपारी पत्र उचललं आणि मोटारीत जाऊन बसलो. पुढं बन्सीधरनं सुटे भाग मांडून ठेवलेत, म्हणून मागं. ओळ सापडली. बाबांना सांग, दिवाळीला मी बसनं येईन, त्यांनी घ्यायला येऊ नये, उगीच त्रास.

दोनदा वाचली. त्रास हा शब्द तिनं काळजीनं लिहिला आहे. काळजीनंच असणार.

मग तसाच बसून राहिलो. या सीटवर मी आजवर बसलो नव्हतो. त्या दिवशी विमला इथं होती आणि मी पुढून सारखा बोलत होतो, गिअरबद्दल, किशनरावाबद्दल, परभणीत लोक कसे बघतील त्याबद्दल. तिला इथून माझी टोपी आणि कोटाची कॉलर दिसली असेल, दुसरं काही नाही.

आज पुढं कोणी नव्हतं. मोटार परभणीकडे तोंड करून उभी आहे. इथून रस्ता पार लांबपर्यंत दिसतो.